गळक्या इंजिनाचं तात्पर्य

नेहमी खरं बोलावं, ही शिकवण जगात पहिल्यांदा कोणी दिली ते ठाऊक नाही. पण ज्याने दिली त्याच्या घरी सहा वर्षांची मुलगी नव्हती, एवढं निरीक्षक छातीठोकपणे सांगू शकत होते.

निरीक्षक म्हणजे वजनमापे निरीक्षक. दुकानादुकानांतून जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, ही त्यांची नोकरी. काट्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते दुकानदाराच्या नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की आतल्या गल्लीपर्यंत बटाटे आपोआप किलोला किलो भरायला लागत. असा बाहेर दरारा. घरात मात्र राज्य होतं एका मालगाडीच्या इंजिनाचं.

'रुळावरची मंडळी' नावाचा एक कार्यक्रम रोज संध्याकाळी टीव्हीवर लागायचा. त्यात बोलणारी इंजिनं होती. त्यांना डोळे होते, भुवया होत्या, मत्सर होता, सर्दी होती. नव्हता तो फक्त ड्रायव्हर.

"यांचे ड्रायव्हर कुठे असतात?" निरीक्षकांनी एकदा रीतसर चौकशी केली होती.

"रजेवर," त्यांची मुलगी म्हणाली. मुलीला सगळे भिंगरी म्हणत आणि हे नाव तिने कष्टाने मिळवलेलं होतं.

गोष्ट रोज तीच. एखादं इंजिन शेफारायचं, कोणाचं ऐकायचं नाही, घसरायचं, रडायचं. मग यार्डातून मालगाडीआजोबा धापा टाकत यायचे, एक लांबलचक भोंगा द्यायचे आणि दमलेल्या आवाजात विचारायचे, "तर बाळांनो, आज आपण काय शिकलो?" आणि जे शिकायचं ते सांगून टाकायचे. बाकीच्या घरांतली मुलं हे ऐकायची आणि जेवायला बसेपर्यंत विसरायची. मुलांची हीच तर खुबी असते, त्यावरच संसार चालतात. भिंगरी विसरायची नाही. नुकताच रुजू झालेला अधिकारी जसा प्रत्येक परिपत्रकाची अंमलबजावणी करतो, तशी ती प्रत्येक तात्पर्याची दुसऱ्या दिवशी अंमलबजावणी करायची.

'आपल्याकडचं दुसऱ्याला द्यावं' या तात्पर्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक दारात उभे राहिले. हातात निरीक्षकांचा ऑफिसचा काळा बूट. एकच.

"निरीक्षक, आपला उजवा पाय आमच्याकडे आलेला आहे," ते म्हणाले.

"बाबांकडे दोन आहेत," भिंगरीने खुलासा केला. "सरांकडे काळा एकपण नाही."

यात चूक कुठे काढणार? मुख्याध्यापकांनीसुद्धा जाता जाता तिला शाबासकी दिली आणि निरीक्षकांना सांगितलं, "मुलगी गुणी आहे हो. फक्त तिच्यापासून चपला वर ठेवत जा."

इथवर ठीक होतं. बूट परत येतो. पण मग लागला खरेपणाचा आठवडा.

त्या आठवड्यात निरीक्षकांचे साहेब घरी चहाला आले. साहेब माणूस सज्जन. फक्त एकदा बसले की बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला, साहेबांच्या तरुणपणीच्या जप्त्या सांगून झाल्या. निरीक्षक बिस्किटं आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि बायकोच्या कानाशी पुटपुटले, "हा गृहस्थ उठणार कधी?" बायकोचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिचा संयम अफाट झाला होता. ती बिस्किटं बशीत मांडत राहिली. पण टेबलाखाली भिंगरी होती.

ती बाहेर गेली, साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेबकाका, तुम्ही उठणार कधी? बाबांना माहीत करून घ्यायचंय."

साहेब उठले. अर्धं बिस्कीट चहात बुडलेलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून निरीक्षकांची नेमणूक गावाबाहेरच्या भंगारवाल्यांच्या काट्यांवर झाली, आणि साहेब त्यांच्याशी जे काही बोलायचं ते शिपायामार्फत बोलू लागले.

पण खरा घाव पुढेच होता. निरीक्षकांच्या घराच्या बरोबर वर इमारतीच्या अध्यक्षबाई राहत. त्यांच्या न्हाणीघरातलं पाणी निरीक्षकांच्या न्हाणीघरात गळत असे. गळत असे म्हणजे धो धो नाही. एकेक थेंब, पण नेम असा, की अंघोळीला बसलेल्या माणसाच्या टाळूचा मध्य कधी चुकला नाही. साबण लावला तरी तिथे फेस टिकायचा नाही. निरीक्षक गेले सात महिने छत्री उघडून अंघोळ करत होते. एका हातात छत्री आणि एका हातात तांब्या घेऊन सरकारी अधिकारी पाठ कशी चोळतो, हा विचार कोणी करू नये; त्यांनीही सोडून दिला होता.

अध्यक्षबाईंना हे सांगणं सोपं नव्हतं. बाई देहाने भारदस्त, आवाजाने त्याहून. फरशी खणायची तर समितीचा ठराव लागतो, समितीची बैठक अध्यक्षांनीच बोलवायची असते, आणि अध्यक्षांचं मन राखायचं असतं. तेव्हा निरीक्षक जिन्यात भेट झाली की अदबीने विषय काढत. "यंदा जरा ओल जास्त वाटते, नाही?" बाई म्हणत, "हो ना, वाटते खरी." असं करता करता, कित्येक महिन्यांच्या मशागतीनंतर, बाई एकदा आपण होऊन म्हणाल्या, "आमच्याकडे नळाचं थोडं काम निघालंय, प्लंबर येणार आहे. तुमचं काही असेल तर सांगा." निरीक्षकांचं हृदय भरून आलं. ते "आहे" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बोट धरून उभी असलेली भिंगरी म्हणाली,

"काकू, बाबा तुम्हाला वरची टाकी म्हणतात."

प्लंबर आला नाही. जिन्यातलं हवामानही बंद पडलं.

त्या संध्याकाळी निरीक्षकांनी भिंगरीला समोर बसवलं.

"हे बघ बाळा. खरं बोलावं. पण प्रत्येक खरं बोलायचं नसतं."

"मग कुठलं बोलायचं?"

"जे समोरच्याला लागणार नाही ते."

"आणि लागणारं असलं तर खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं! ते बोलायचंच नाही."

भिंगरीने विचार केला. "असं मालगाडीआजोबांनी नाही सांगितलं."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही कुठे टीव्हीत आहात?" भिंगरी म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

निरीक्षकांना ते लागलं. ज्याच्या शिक्क्यावाचून बाजारात एक छटाक माल विकला जात नाही, त्याच्या शब्दाला स्वतःच्या घरात वजन नाही, आणि डोळे रंगवलेल्या एका मालगाडीला आहे! बायको म्हणाली, "टीव्ही बंद करून बघा." निरीक्षक म्हणाले, "छे! रोगाच्या मुळाशी जायला हवं." बायकोने सवयीप्रमाणे हे वाक्य ऐकून सोडून दिलं. मुळाशी जाणारे लोक तिच्या दुकानात रोज येत.

निरीक्षकांनी टीव्ही केंद्राला फोन केला. फोन घेणाऱ्या माणसाने तक्रार ऐकून घेतली आणि विचारलं, "कोणत्या इंजिनाबद्दल?" "मालगाडी." "थांबा हं, वाफेच्या इंजिनांचं टेबल वेगळं आहे." मग बराच वेळ संगीत. मग एक बाई आल्या. त्यांनी पुन्हा सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की तात्पर्याबद्दलच्या तक्रारी फोनवर घेत नाहीत, समक्ष यावं लागतं. सरकारी माणसाला सरकारी उत्तराचा राग येत नाही. उलट त्यांना थोडं घरच्यासारखं वाटलं.

ते रजा टाकून समक्ष गेले. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"मालगाडीला," निरीक्षकांच्या तोंडून निघून गेलं.

"मालगाडी आजारी आहे. घसा बसलाय. आत दुसऱ्या मजल्यावर मॅडमना भेटा."

दुसऱ्या मजल्यावर कागदांच्या ढिगात एक बाई बसल्या होत्या. केसांत दोन पेन्सिली खोचलेल्या, तिसरी त्या शोधत होत्या. या कार्यक्रमाच्या निर्मात्या. निरीक्षक दारात दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या. "आलात? किती वाट बघायची? बसा. तात्पर्य काय आणलंय?"

निरीक्षकांना वाटलं, केंद्राची तक्रार घेण्याची पद्धत भलतीच चांगली आहे. ते ठामपणे म्हणाले, "खरं बोलावं, पण प्रत्येक खरं प्रत्येकाला बोलू नये."

निर्मातीबाई थबकल्या. "पुन्हा बोला."

निरीक्षक पुन्हा बोलले.

"अहो, हे नवीन आहे!" बाईंनी चक्क टाळी वाजवली. "तुम्हाला कल्पना नाही. इतकी वर्षं रोज एक गोष्ट. सद्गुण संपले हो! त्या कंटाळ्यानेच मागचा लेखक सोडून गेला. गेल्या आठवड्यात आम्ही 'नखं वेळेवर कापावीत' यावर गाडी घसरवली. इंजिनाला नखं कुठून आणायची? पण केलं. लिहून आणा तुम्ही हे. सोमवारपर्यंत."

आपण नवे लेखक नसून जुने तक्रारदार आहोत, हे सांगायला निरीक्षकांनी तोंड उघडलं होतं. पण 'तुम्ही कुठे टीव्हीत आहात' हे वाक्य त्यांच्या कानात वाजलं. त्यांनी तोंड मिटलं. प्रत्येक खरं प्रत्येकाला सांगायचं नसतं.

ही बातमी निरीक्षकांनी फक्त बायकोला सांगितली, पण तेव्हा टेबलाखाली भिंगरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून घराची बेल वाजायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, "तात्पर्य यमकात हवं. मुलांना गद्य लागत नाही." आणि जाता जाता अक्षर सुंदर काढण्याविषयी एखादं इंजिन घालायची सूचना केली. खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, "जिन्यात धावू नये, हे घाला साहेब. मापं घेताना छत हादरतं, एका गिऱ्हाइकाची कंबर दोनदा चुकली." बायकोची आई फोनवर म्हणाली की सासूला दर आठवड्याला फोन करणारं एखादं इंजिन दाखवलंत तर समाजाचं भलं होईल. निरीक्षकांना तोवर माहीत नव्हतं, पण मुलांना नेमकं काय शिकवायला हवं हे प्रत्येक माणसाला पाठ असतं. आणि ते नेहमी शेजारच्या मुलांना शिकवायचं असतं.

शेवटी स्वतः अध्यक्षबाई आल्या. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. खुर्चीत बसल्या, आधी खुर्ची बोलली. मग म्हणाल्या, "ऐकलंय की तुम्ही गोष्ट लिहिताय. मोठ्यांचा मान राखावा, असं काहीतरी असू द्या त्यात. आजकाल कमी झालंय ते." आणि दारापाशी वळून, "प्लंबर पुढच्या आठवड्यात मोकळा आहे. बघू."

निरीक्षक रविवारी दुपारी लिहायला बसले. आयुष्यात त्यांनी जप्तीचे पंचनामे सोडून काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात 'समक्ष खालील पंचांच्या' अशी झाली. ती खोडली. पुढे काही सुचेना. घरात शांतता होती. फक्त न्हाणीघरात बादलीत टप... टप... पडत होतं. आणि काय झालं कोण जाणे, त्या तालावर लेखणी चालायला लागली. एक पूल आहे. पुलावर पाण्याची टाकी ओढणारं एक मोठं इंजिन उभं आहे, टाकीबाई. पुलाखालच्या रुळावर एक सभ्य, शिकलेला छोटा डबा आहे, डबूशेठ. टाकीबाई गळतात आणि थेंब नेमका डबूशेठच्या डोक्यावर पडतो. डबूशेठ मर्यादशील. तो वर बघून एवढंच म्हणतो, "आज हवा जरा दमट आहे, नाही?" तिथे टुणटुण नावाची आगाऊ ट्रॉली येते आणि ओरडते, "टाकीबाई, तुम्ही गळता!" टाकीबाई रागावतात, रुसतात, रूळ सोडतात. मग मालगाडीआजोबा येऊन टुणटुणला सांगतात: 'बाळ, बोलावं, पण तोलून मापून बोलावं.'

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वजनमापे खात्याला साहित्यात आजवर कोणी असा मान दिला नव्हता.

बायकोने दुकानातून आल्यावर उभ्या उभ्या कागद वाचले आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

"हे तुम्ही अध्यक्षबाईंना दाखवणार आहात?"

"यात त्यांचा काय संबंध?" निरीक्षक म्हणाले.

बायकोने बोट वर केलं. न्हाणीघरात टप झालं. निरीक्षकांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांची शपथ, त्यांना खरंच कळलं नव्हतं.

ते सोमवारी केंद्रावर धावले; पण गोष्ट देणं भागच होतं, तेव्हा त्यांनी टाकीबाईंच्या जागी 'कोळसेबुवा' लिहून दिलं. निर्मातीबाईंनी वाचलं. "कोळसा गळतो कसा?" म्हणाल्या. "खोडलेलं खालचं नाव दिसतंय. टाकीबाई! झकास आहे. तेच ठेवू." मग ती गोष्ट बालमनाच्या सल्लागारांकडे गेली. त्यांनी लिहिलं की डबूशेठ सलग इतका वेळ दुःखी राहिल्यास लहान मुलं अंथरूण ओलं करतील, थेंब कमी करावेत. मग ती सुरक्षा सल्लागारांकडे गेली. त्यांनी विचारलं की पुलाखाली डबा उभा करण्याची परवानगी कोणाची. पण टाकीबाईंना हात लावायला कोणी तयार होईना. चित्रं काढून झाली होती. टाकीबाईंच्या भुवया तर निरीक्षकांनी पाहिल्या आणि त्यांना दरदरून घाम फुटला. चित्रकाराने अध्यक्षबाईंना कधीच पाहिलं नव्हतं. योगायोग हा माणसाचा शत्रू असतो.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते शेवटचं सांगून बघायला गेले. व्हरांड्यात त्यांचा आवाज चढला. "अहो, माझा काही मान आहे की नाही? माझ्या घरात मला छत्री घेऊन अंघोळ करावी लागते! मी दमलोय या सगळ्याला!"

स्टुडिओचं दार उघडलं. निर्मातीबाई बाहेर आल्या. तिन्ही पेन्सिली हातात.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज."

मालगाडीआजोबांचा घसा अजून बसलेलाच होता. निरीक्षक नको नको म्हणेपर्यंत त्यांना गाद्या लावलेल्या भिंतींच्या एका छोट्या खोलीत उभं केलं गेलं, कानांवर मोठे डबे चढवले गेले, आणि काचेपलीकडून सांगण्यात आलं, "आधी भोंगा."

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. वीस वर्षांची निष्कलंक नोकरी. ते हळूच म्हणाले, "भों."

"इंजिन आहे हो, शेळी नाही. पोटातून. कोणाचा तरी राग आठवा."

निरीक्षकांनी डोळे मिटले. त्यांना थेंब आठवला. टाळू आठवली. उजवा बूट, भंगारवाल्यांचे काटे, शिपायामार्फत येणारे निरोप, सगळं पोटात गोळा झालं आणि जो भोंगा बाहेर आला त्याने टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. काचेपलीकडचे लोक उठून उभे राहिले. पुढची वाक्यं त्यांनी अशी म्हटली, की एका तंत्रज्ञाने नाक पुसलं. घरी जाताना निरीक्षक रस्त्याच्या कडेने चालत होते, पण आतून रुळावरून चालले होते.

कार्यक्रम लागायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी परस्पर सगळ्या इमारतीला निरीक्षकांच्या घरी बोलावून ठेवलं. शिंपी आला, त्याची मुलं जिन्यातून धावत आली. अध्यक्षबाई आल्या आणि मधल्या खुर्चीत बसल्या. मोठ्यांचा मान कुठे येतो ते बघायला त्या चष्मा पुसून आल्या होत्या. निरीक्षक दाराजवळ उभे राहिले, पळायला बरं म्हणून.

गोष्ट सुरू झाली. पूल आला. टाकीबाई आल्या. खोलीत कोणी तरी खोकलं. डबूशेठ म्हणाला, "आज हवा जरा दमट आहे, नाही?" शिंप्याची मुलं खदखदून हसली. टुणटुण ओरडली, "टाकीबाई, तुम्ही गळता!" मग तो भोंगा! भिंगरी ताडकन उभी राहिली. "बाबा!" मालगाडीआजोबा म्हणाले, "तर बाळांनो, आज आपण काय शिकलो?"

आणि साबणाची जाहिरात लागली.

वेळ संपली होती. तोलून मापून बोलण्याचं अख्खं तात्पर्य केंद्राने कापून टाकलं होतं. पडद्यावर एक बाई फेसात हसत होती. भिंगरी कधी नव्हे ती गोंधळली. आज शिकायचं काय, ते कोणी सांगितलंच नव्हतं. तिने डोकं खाजवलं, पडद्याकडे बघितलं, मधल्या खुर्चीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच स्वतःचं तात्पर्य स्वतः काढलं.

"काकू, ती टाकीबाई म्हणजे तुम्ही. आमच्याकडे तुमचं गळतं."

मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. आतून स्पष्ट ऐकू आलं: टप.

अध्यक्षबाई उठल्या. "कुठे गळतं?"

"नाही, तसं काही विशेष..." निरीक्षक म्हणाले. पण भिंगरीने बाईंचा हात धरून त्यांना न्हाणीघरात नेलंही होतं. मागोमाग सगळी इमारत. बाईंनी मान वर केली. छतावरचा तो हिरवट, फुगलेला डाग त्यांनी पाहिला, आणि थेंबाने नेम न चुकवता त्यांच्या कपाळाचा मध्य गाठला.

"हे कधीपासून?"

"आठ महिने," निरीक्षकांची बायको म्हणाली.

"आठ महिने! आणि मला सांगितलं का नाही कोणी?"

"सांगत होतो ना," निरीक्षक क्षीण आवाजात म्हणाले. "जिन्यात. ओल आहे म्हणून."

"ओल?" बाईंचा आवाज न्हाणीघरात घुमला. "अहो, मला वाटलं तुम्ही हवापाण्याचं बोलताय! मी बहिणीला म्हटलंसुद्धा, खालचे निरीक्षक माणूस बरा आहे, पण हवेपलीकडे विषय नाही त्याला. एवढा शिकलेला माणूस, सरळ सांगता येत नाही, की बाई, तुमचं पाणी माझ्या डोक्यावर पडतंय? ती छत्री इथे कशाला?"

 बाईंनी छत्रीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं असावं. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतात. मग कळलं, हसतायत. त्या हसण्याने डबा, बादली, आरसा, सगळं हललं. शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि वरची टाकी म्हणे! हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलंय मला लग्नानंतर. तुम्हाला कुठून कळलं?"

प्लंबर दुसऱ्याच दिवशी आला. त्याने पहिल्या तासात चुकीचा पाइप फोडून मुख्याध्यापकांचं पाणी बंद केलं, दुसऱ्या तासात शिंप्याचं. पण तिसऱ्या दिवशी गळती थांबली. त्या सकाळी निरीक्षकांनी दोन्ही हातांनी पाठ चोळली. बायको म्हणते, आतून गाण्याचा आवाज येत होता. निरीक्षक हे नाकारतात.

त्याच दिवशी ऑफिसात शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय. आत. स्वतः."

 सरकारी नोकराने परवानगीशिवाय बाहेरचं काम करू नये, हे निरीक्षकांना कसं आठवलं नव्हतं? ते आत गेले. साहेबांनी खूण केली, निरीक्षकांनी दार लावलं. टेबलावर नियमांचं जाड पुस्तक उघडं होतं.

"तुम्ही टीव्हीवर इंजिनाचं काम केलंत, असं कानावर आलंय."

"एकदाच, साहेब. मालगाडी आजारी होती."

"मी सगळे नियम पाहिले," साहेब म्हणाले. "नाटक आहे, गायन आहे, वादन आहे. इंजिन नाही." त्यांनी पुस्तक मिटलं आणि एकदम आवाज खाली आणला. "माझी नात तापाने पडून आहे. औषध घेत नाही. सगळे हरले. म्हणते, मालगाडीआजोबांनी सांगितलं तरच घेईन." आणि त्यांनी फोन फिरवून रिसीव्हर पुढे केला. 

निरीक्षकांनी रिसीव्हर घेतला. घसा खाकरला. भोंगा दिला. ऑफिस आहे, जरा बेताचाच.

पलीकडून बारीक आवाज आला, "खोटं! हा माणूस आहे."

निरीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गळ्याचं बटण सोडलं. पाय फाकवून उभे राहिले, डोळे मिटले, आणि पोटाच्या तळापासून असा भोंगा काढला की शेजारच्या खोलीत काचेच्या पेटीतला खात्याचा पितळी तराजू डुलायला लागला. मग दमलेल्या, प्रेमळ आवाजात म्हणाले, "बाळ, इंजिनाला तेल लागतं आणि मुलांना औषध. चल, आ कर."

 पलीकडून चमचा आपटल्याचा आवाज. मग, "कडू आहे आजोबा!"

"तेलसुद्धा कडूच असतं गं," निरीक्षक म्हणाले.

साहेबांनी रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. मग खाकरले. दार नीट लागलंय ना, हे जाऊन बघून आले. म्हणाले, "बसा. चहा मागवू?" आणि निरीक्षक बसल्यावर, अगदी सहज विचारल्यासारखं, "ते... कसं काढता हो? घशातून की पोटातून?"

बाहेर शिपाई चहाचा ट्रे घेऊन थांबला होता. त्याने दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. आतून दोन भोंगे ऐकू येत होते. एक भरदार, मुरलेला. दुसरा जरासा चिरका, पण होतकरू.